कर्नल नवा, बोजा सगळा सीपीयूवर

लिनक्सचा अपडेट मारला, रीस्टार्ट केला आणि डेस्कटॉपची पार गोगलगाय झाली, विंडो ओढली की ती मागून रांगत येते, व्हिडिओ लावला की पंखा बोंबलायला लागतो, मग आपण नव्या कर्नलला (म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला) शिव्या घालतो (मी तर मनसोक्त घातल्यात). त्याआधी एक करा. उबंटू या लिनक्समध्ये जुना कर्नल लगेच उडवत नाहीत, मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये तो असतो, तो निवडून बूट करा. त्यावर सगळं सुरळीत पळालं तर रॅम आणि डिस्क बिचाऱ्या निर्दोष.

पण म्हणून कर्नलच दोषी असं पण नाही हां. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, तो वेगळा टाकावा लागतो आणि दर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, परत बनवावं लागतं, हे काम डीकेएमएस नावाचं टूल गुपचूप करतं, पण त्याला त्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) लागतात आणि ती नसली की मॉड्यूल बनतच नाही. कधी बनतं पण डिजिटल सही नसल्यामुळे सिक्युअर बूट (बिनसहीचा कोड रोखणारी सोय) त्याला दारातच अडवतं. मग ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राहतं आणि चित्र काढायचं काम एलएलव्हीएमपाइप नावाचं सॉफ्टवेअर सीपीयूकडून करून घेतं. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके, सगळी स्क्रीन हलत असेल तर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे १२ कोटींच्या वर, सीपीयू घामाघूम होणारच ना! सेटिंग्जच्या अबाउट पानावर ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसलं की चोर सापडला. माझ्याकडे नुसती हेडर्स नव्हती, आणि मी दोन संध्याकाळी थीम बदलत बसलो होतो.

कर्नलचीच चूक असं पण होतं कधीकधी. नोव्हेंबर २०१८ मध्ये कर्नल ४.२० तयार होत असताना स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाविरुद्धचं एसटीआयबीपी नावाचं संरक्षण सरसकट सगळ्या प्रोग्रॅमना लागू झालं आणि काही कामांचा वेग निम्म्यावर आला, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी आक्षेप घेतला, मग ते गरजेपुरतंच ठेवलं.

असा बिघडवणारा बदल शोधायला गिट बायसेक्ट नावाचं टूल आहे, चांगल्या आणि बिघडलेल्या कर्नलच्या बरोबर मधला कर्नल बनवून बघायचा, स्लो असेल तर दोष अलीकडच्या अर्ध्यात नाही, आधीच्या अर्ध्यात. १०,००० बदल असले तरी १४ फेऱ्यांत सापडतो. फक्त दर फेरीला कर्नल कंपाइल करायचा, माझ्या लॅपटॉपवर तेवढ्यात जेवण होऊन भांडी पण घासून होतात.