तोंडातून फुगा आलेला मासा

खोल पाण्यातला मासा गळाला लागून झपकन वर आला की त्याच्या तोंडात गुलाबी फुगा दिसतो. ‘हवेची पिशवी बाहेर आली, सुईने टोचा,’ असा सल्ला हमखास मिळतो. टोचू नये. तो फुगा म्हणजे माशाचं जठर. माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी आतच असते. ती फुगून जठराला तोंडावाटे बाहेर ढकलते.

ही पिशवी म्हणजे घोळ माशातलं बोत. त्याला सोन्याचा भाव येतो आणि त्याबरोबर औषधी गुणांच्या कथाही येतात. मुळात ते बरंचसं कोलॅजन आहे. त्याचं खरं नवल मासा जिवंत असतानाच पाहण्यासारखं.

३०० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या ३१ पट असतो. एवढ्या दाबाविरुद्ध पिशवीत वायू भरायचा कसा? पिशवीच्या भिंतीतली ग्रंथी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवते. रक्त आम्लधर्मी झालं की माशाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देतं, भोवती ऑक्सिजन भरपूर असला तरीही. हा ‘रूट परिणाम’. आपल्या हिमोग्लोबिनला तो जमत नाही. पण एवढ्याने ३१ पट दाब गाठता येत नाही. ग्रंथीकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या केशवाहिन्या अगदी खेटून, उलट दिशांनी वाहतात. परतणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन शेजारच्या येणाऱ्या रक्तात झिरपतो आणि पुन्हा ग्रंथीपाशी पोचतो. चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमधले प्रवासी शेजारच्या येणाऱ्या लोकलमध्ये उड्या मारून परत येत राहिले तर फलाटावर जी गर्दी साचेल, तीच इथे वायूची होते.

भरणं सावकाश, रिकामं करणंही सावकाश. रोहू-कटल्याला पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत नळी असते, ते वायू तोंडावाटे सोडू शकतात. खोल समुद्रातल्या बहुतेक माशांना ही सोय नाही. किलोभर माशात पन्नासेक मिलिलिटर वायू धरला, तर ३०० मीटरवरून वर येताना त्याचा दीड लिटर व्हायला हवा. पिशवी फाटते, डोळे बाहेर येतात.

आता मत्स्यशेतीकडे वळू. युरोपात २०१३ ते २०१८ मध्ये ‘डायव्हर्सिफाय’ प्रकल्पाने शेतीसाठी नव्या जाती तपासल्या. त्यांत रेकफिश होता: झपाट्याने वाढणारा, पण वयात यायला कित्येक वर्षं घेणारा. त्याची पिल्लं समुद्रावर तरंगणाऱ्या ओंडक्यांखाली राहतात आणि मोठी झाल्यावर शेकडो मीटर खाली उतरतात. म्हणजे कोवळ्या वयात टाकी त्याला फारशी परकी नसावी. अडचण प्रजननासाठी लागणाऱ्या मोठ्या माशांची. ते खोलातून ओढून आणायचे म्हणजे वरचा सगळा छळ आला. माझ्या मते अंड्यांपासून वाढवलेलीच पिढी पुढच्या प्रजननाला वापरता आली, तरच या शेतीला अर्थ आहे. त्याउलट सेबलफिश हा खोल पाण्यातलाच, पण त्याला पिशवीच नाही; कॅनडात त्याची शेती चालते.

‘टाकीत खोल समुद्रातले मासे, लाखोंची कमाई’ असले व्हिडिओ मुंबईकरांनी सोडून द्यावेत. आपल्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर गेल्याशिवाय २०० मीटर खोली लागत नाही. आणि इथलं कोमट पाणी या थंड पाण्यातल्या माशांसाठी बारा महिने गार ठेवायचं, तर विजेचं बिल पाहून आपलंही जठर तोंडात येईल. त्यापेक्षा रायगडच्या खाजणांतला जिताडा बरा. तो गोड्या-खाऱ्या, कोमट पाण्यात मुळातच रमतो.