केराटिनचा तपकिरी रंग आला कुठून?

बायोप्सीच्या रिपोर्टात 'पॅनसायटोकेराटिन पॉझिटिव्ह' (म्हणजे अनेक केराटिनं एकत्र शोधणारी चाचणी लागू पडली) अशी एक ओळ कधी कधी असते. पेशंटच्या ती डोक्यावरून जाते, पण पुढचे उपचार अनेकदा तिच्यावरच ठरतात. रोजच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर काही गाठी आपलं कूळ सांगतच नाहीत. कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर), लिम्फोमा (लिम्फ पेशींचा) की मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा)? अशा वेळी एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशींच्या सांगाड्यातलं प्रथिन, म्हणजे केराटिन (यालाच सायटोकेराटिनही म्हणतात), सापडलं की पारडं कार्सिनोमाकडे झुकतं. ते जिथे असेल तिथे स्लाइडवर तपकिरी रंग उमटतो.

प्रथिन शोधायला अँटिबॉडी, म्हणजे ठराविक प्रथिनालाच चिकटणारा रेणू, वापरायची ही कल्पना तशी जुनी. हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अँटिबॉडीला चमकणारं रसायन जोडून दाखवलं. त्यासाठी वेगळा सूक्ष्मदर्शक लागायचा, शिवाय ती चमक हळूहळू विझायची. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी चमकेऐवजी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडलं. त्याच्या क्रियेतून पक्का रंग उमटतो आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. आजचा तपकिरी रंग त्याच वाटेनं आला.

तरी घोडं अडलं ते फॉर्मॅलिनपाशी. पॅथॉलॉजीचा सगळा संसार फॉर्मॅलिन आणि नमुना बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकवर चालतो. पण फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत अशी गुंतवतं, की अँटिबॉडीची बसायची जागाच झाकली जाते. नमुना टिकवणारी वस्तूच पुरावा लपवते! ऑक्सफर्डच्या टेलर आणि बर्न्स यांनी १९७४ मध्ये नेहमीच्या मेणातल्या कापांवर प्लाझ्मा पेशींमधलं इम्युनोग्लोब्युलिन (त्या पेशी स्वतः बनवतात ती अँटिबॉडी) दाखवलं, तेव्हा कुठे जुन्या ब्लॉककडे नव्या नजरेनं पाहिलं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून निघणारी आणि दरवेळी सारखीच असणारी, अँटिबॉडी आली. आधी अँटिबॉडी सशाच्या सीरममधून यायची आणि त्याची खेप बदलली की निकाल बदलायचा, ती कटकट बरीच मिटली.

केराटिनसाठी १९८२ हे साल महत्त्वाचं. रोलँड मॉल आणि वेर्नर फ्रांके यांच्या गटानं माणसातल्या १९ सायटोकेराटिनांना क्रमांक देऊन त्यांची यादी छापली. रिपोर्टातले 'सीके ७', 'सीके २०' (सीके म्हणजे सायटोकेराटिन) हे आकडे याच क्रमवारीतले. वीस नंबरची भर मात्र नंतर पडली. फुप्फुसाच्या अडिनोकार्सिनोमात (ग्रंथींसारख्या पेशींच्या कार्सिनोमात) बहुधा सात पॉझिटिव्ह आणि वीस निगेटिव्ह, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलट. मूळ गाठ कुठली, याचा माग त्यावरून काढता येतो. त्याच वर्षी तुंग-तिएन सुन यांच्या प्रयोगशाळेनं एई१ आणि एई३ या अँटिबॉडींचं काम प्रसिद्ध केलं. कातडीच्या घट्ट्यातल्या केराटिनपासून निघालेली ही जोडी एकत्र करून आजही सर्रास वापरतात.

फॉर्मॅलिनची गाठ नीट सुटली ती १९९१ मध्ये. शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी कापलेल्या स्लाइड धातूंच्या क्षारांच्या द्रावणात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये चक्क उकळल्या! त्यामागे १९४० च्या दशकातलं फ्रेंकेल-कॉनराट यांचं रसायनशास्त्र होतं: फॉर्मॅलिनची पकड कडक उष्णतेनं सैल होते. पुढे सायट्रेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आला आणि उकळणं हा रोजचा रिवाज झाला.

केराटिन मात्र एकनिष्ठ नाही. सायनोव्हियल सार्कोमा आणि एपिथेलिऑइड सार्कोमा हे मऊ ऊतींचे कॅन्सर, कार्सिनोमा नसूनही पॉझिटिव्ह येतात, म्हणून एकट्या मार्करवर निदान करत नाहीत. उलट यकृतपेशींचा कॅन्सर खराखुरा कार्सिनोमा, पण बऱ्याचदा एई१/एई३ ला दाद देत नाही. त्यात मुख्यतः आठ आणि अठरा नंबरची केराटिनं असतात, आणि अठरा नंबरचं केराटिन एई१/एई३ च्या नजरेत येत नाही. तिथे कॅम ५.२ ही दुसरी केराटिन-अँटिबॉडी लावून पाहावी लागते.