हातपाय दुसऱ्याने हलवून मेंदू शिकत नाही

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) असलेल्या मुलाचे हातपाय कोणीतरी तासन् तास हलवत राहिलं की मेंदूला आपोआप वळण लागतं, हा समज अजूनही ऐकू येतो. त्याला मोठं बळ दिलं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ‘पॅटर्निंग’ या उपचारपद्धतीने. मूल टेबलावर पालथं, एकजण डोकं वळवणार, बाकीचे हातपाय रांगल्यासारखे हलवणार. दिवसातून अनेकदा, रोजच्या रोज. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये बजावलं की याला पुरावा नाही, उलट घरच्यांची पार दमछाक होते.

मग इंटेन्सिव्ह थेरपी, म्हणजे रोज बराच वेळ करून घेतला जाणारा सराव, थोतांड आहे का? अजिबात नाही. पण तिथे मेहनत मुलाने करायची असते. एकच बाजू कमजोर असेल तर चांगल्या हाताला रोज काही तास हातमोजा घालतात आणि दुबळ्या हाताने मणी उचलणं, डब्याचं झाकण उघडणं असे खेळ देतात. सांडलं तरी पुन्हा तेच. याने हाताचा वापर खरोखर सुधारतो. मेंदूची इजा मात्र जात नाही. त्यामुळे ‘पूर्ण बरं करतो’ म्हणून महागडं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला आधी विचारा, यातून माझं मूल नेमकं कोणतं काम स्वतः करायला शिकेल?