आरसा गेला, त्याची कामं उरली

नव्या कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण फिरवून काढलं आणि दचकलोच. आत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, उघडा बसलेला, बोट पुढे केलं तर लागेल इतका जवळ. बरीच वर्षं डीएसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा, वापरलेल्या माणसाला हे दृश्य जरा अंगावर येतं. तिथे झाकण काढलं की आधी तिरका आरसा दिसतो, त्यामागे शटरचा, म्हणजे प्रकाश अडवणारा पडदा असतो आणि सेन्सर त्या दोघांच्या आड, सुरक्षित.

हा कॅमेरा लहान आहे, लेन्स बदलता येते आणि आत आरसा नाही. अशा कॅमेऱ्याला आता सगळे मिररलेसच म्हणतात. आठवडाभर तो माझ्याबरोबर हिंडला. या दिवसांत जे आवडलं आणि ज्याचा वैताग आला, त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधत गेलो की त्या नाहीशा झालेल्या आरशापाशीच येऊन थांबायला होतं. आरसा काढून टाकता येतो, पण तो करायचा ती कामं कोणीतरी करावीच लागतात. ती सगळी सेन्सरच्या गळ्यात पडली आहेत.

आधी आकाराचं बघू, कारण विकत घेताना भुरळ त्याचीच पडते. डीएसएलआरमधला आरसा ४५ अंशांत कललेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर पाठवतो आणि वरचा लोलक तो डोळ्यापर्यंत आणतो. बटण दाबलं की आरसा फटकन वर उडतो आणि प्रकाश सरळ मागे जातो. या उडण्याला मोकळी जागा लागते. म्हणून लेन्स जिथे अडकते ती धातूची कडी, म्हणजे माउंट, आणि सेन्सर यांच्यात भलंमोठं अंतर ठेवावं लागतं. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी आहे, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. माझा नवा कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या जातीचा आहे, त्यात हेच अंतर १९.२५ मिमी.

बॉडी पातळ झाली, हा यातला दिसणारा फायदा. खरी सुटका झाली ती लेन्स घडवणाऱ्यांची. २४ मिमी नाभीय अंतराचं साधं भिंग घेतलं, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा त्याच्यामागे २४ मिमीवर उमटते. पण डीएसएलआरमध्ये त्या जागी आरसा हलतो आहे! भिंग आरशाच्या पुढे ठेवावं तर प्रतिमा सेन्सरच्या अलीकडेच पडते. फ्रान्सचे पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली रेट्रोफोकस लेन्स आणून या पेचातून वाट काढली. पुढे प्रकाश फाकवणारी अंतर्वक्र भिंगं, मागे तो गोळा करणारी बहिर्वक्र भिंगं, थोडक्यात दुर्बिणीसारखी रचना उलटी बसवलेली. प्रतिमा मागे ढकलली गेली, पण काच वाढली, वजन वाढलं. आरसा नसला की ही कसरत पुष्कळच कमी होते आणि रुंद दृश्याची लेन्स हातात मावेल एवढी होऊ शकते.

पण मागचं भिंग सेन्सरला फार चिकटलं की कडेचे किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही वाटत नसे. सेन्सरच्या पिक्सेलमध्ये मात्र प्रकाश शक्य तितका सरळ उतरावा लागतो, नाहीतर कोपरे काळवंडतात. यावर तोड म्हणून प्रत्येक पिक्सेलवर जे सूक्ष्म भिंग असतं, ते कोपऱ्यांकडे जाताना किंचित मध्याच्या दिशेला सरकवून बसवतात. शिवाय वाकड्या रेषा सरळ करण्याचं काम बऱ्याचदा काचेकडून काढून गणिताकडे सोपवलेलं असतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न झालेली मूळ नोंद, अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडली, जे लेन्सच्या दुरुस्त्या आपणहून लावत नाही. दाराची चौकट पिंपासारखी फुगलेली! कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीच चौकट ओळंब्यात होती. पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मग विचार केला की हीच दुरुस्ती काचेने करायची तर लेन्स दीडपट जाड झाली असती आणि मीच तिच्या वजनाबद्दल कुरकुर केली असती.

जाहिराती एका बाबतीत चलाखी करतात. कॅमेरा लहान असण्याची दोन कारणं असतात आणि जाहिराती ती दोन्ही एकाच पिशवीत घालतात. आरसा गेल्याने बॉडी पातळ होते. लेन्स खऱ्या अर्थाने लहान होते ती मुख्यतः सेन्सर लहान असल्याने. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर १७.३ गुणिले १३ मिमी आहे, म्हणजे सुमारे २२५ चौरस मिमी. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी, ८६४ चौरस मिमी. जवळजवळ चौपट. लहान सेन्सर दृश्याचा लहान तुकडा टिपतो, म्हणून ३०० मिमीची लेन्स त्यावर फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीसारखी दूरचं जवळ आणते. मात्र एफ आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणून ३०० मिमी, एफ ४ लेन्सचं प्रवेशद्वार ३०० भागिले ४, म्हणजे ७५ मिमी व्यासाचं असणारच. आरसा काढा नाहीतर ठेवा, त्यात मिलिमीटरचाही फरक पडत नाही. फुल फ्रेम मिररलेसला मोठी झूम लावून बघा. पातळ बॉडी त्या लेन्सच्या टोकाला चिकटवलेल्या टिकलीसारखी दिसते.

लहान सेन्सरची किंमत अंधारात मोजावी लागते. पाऊस नुकता सुरू झाला की अंगणातल्या एका फरशीवर चार थेंब पडलेले असतात, शेजारच्या फरशीवर नऊ. सर वाढली की सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या दिसतात. प्रकाशकणांचं, म्हणजे फोटॉनचं असंच आहे. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०चा असतो. हे झाले १० टक्के. १०,००० फोटॉन आले तर चढउतार १००चा, जेमतेम १ टक्का. फोटोतली ती रवाळ खरखर बरीचशी या वर्गमुळातून येते, तिचा दोष इलेक्ट्रॉनिक्सला देऊन उपयोग नाही. एफ आकडा आणि शटर तेच ठेवलं, तर एका चतुर्थांश क्षेत्रफळावर एका चतुर्थांश फोटॉन पडतात आणि खरखर प्रमाणात दुप्पट होते. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोंत मला ती दिसलीच.

आता आरशाचं सगळ्यात नाजूक काम, फोकस. डीएसएलआरचा आरसा मधोमध अर्धपारदर्शक असतो. त्यातून झिरपलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडतो आणि तिथून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या स्वतंत्र फोकस सेन्सरकडे जातो. तिथे लेन्सच्या एका कडेने आलेली प्रतिमा आणि दुसऱ्या कडेने आलेली प्रतिमा यांची तुलना होते. दोन्ही जुळल्या तर फोकस बरोबर. सरकलेल्या असतील तर कोणत्या बाजूला आणि किती, यावरून लेन्स कुठे आणि किती फिरवायची ते एका दमात कळतं.

आरसा काढल्यावर ही सोय गेली. पॅनासॉनिकचा जी १ हा मायक्रो फोर थर्ड्सचा पहिला कॅमेरा २००८ साली आला, तेव्हा त्याला दुसऱ्या पद्धतीवर भागवावं लागलं. (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा एप्सनने २००४ सालीच काढला होता, आर-डी १ नावाचा. पण त्यात दृश्य बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी होती आणि फोकस हाताने करायचा, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही.) ती दुसरी पद्धत म्हणजे लेन्स हलवत राहायची आणि चित्रातल्या कडा कधी सर्वांत ठळक होतात ते पाहायचं. डोळे मिटून टेकडी चढण्यासारखं आहे हे. उतार लागला की मगच कळतं, माथा मागे राहिला. मग परत फिरायचं. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स फोकस करताना पुढे-मागे घुटमळायची, ती यामुळेच.

पुढे सेन्सरवरच्याच काही पिक्सेलांचा अर्धा भाग झाकून टाकायची युक्ती आली. एका पिक्सेलला लेन्सची डावी बाजू दिसते, जोडीदाराला उजवी. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत निकॉनने २०११ साली आपल्या वन मालिकेत ती वापरली. माझ्या कॅमेऱ्यातही तीच आहे आणि समोरून धावत येणारं मूल तो सहज पकडतो. मला जास्त भावली ती वेगळी गोष्ट. डीएसएलआरमध्ये प्रकाशाचे दोन रस्ते होते, एक फोकस सेन्सरकडे, दुसरा फोटोच्या सेन्सरकडे. दोघांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला तरी कॅमेरा छातीठोकपणे फोकस झाल्याचं सांगायचा आणि फोटोत डोळ्यांऐवजी कान स्पष्ट यायचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याने हे अनेकदा केलं. आता मोजणारा आणि टिपणारा एकच आहे, त्यामुळे या भांडणाला जागाच उरली नाही.

डोळा लावून दृश्य बघायच्या खिडकीबद्दल, म्हणजे व्ह्यूफाइंडरबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. डोळा लावला की दिसतो तो एक चिमुकला पडदा. त्यावर फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबण्याआधी कळतं, अंधाऱ्या खोलीत डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं, हे सगळं मान्य. पण सेन्सरने टिपायचं, प्रोसेसरने रंगवायचं, पडद्याने दाखवायचं, यात क्षणाचा छोटासा तुकडा खर्ची पडतो. कुंपणावरची चिमणी मला दिसते तेव्हा ती किंचित जुनी असते. मात्र आरशाचा व्ह्यूफाइंडर तरी कुठे निर्दोष होता? आरसा वर गेला की तिथे अंधार. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण छायाचित्रकाराला कधी दिसायचा नाही.

हात स्थिर ठेवण्याचं कामही सेन्सरकडेच आहे. २५ मिमी लेन्स आणि साधारण ३.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिक्सेल धरले, तर एक मीटरवरच्या वस्तूवरून नेम ०.१३ मिमी ढळला की चित्र एक पिक्सेल सरकलं. एवढं तर श्वासानेही हलतं. आतले जायरोस्कोप ही हालचाल ओळखतात आणि चुंबकांच्या जोरावर सेन्सर उलट दिशेला सरकतो. ऑलिंपसच्या ई-एम ५ मध्ये २०१२ साली हे पाच प्रकारच्या हालचालींसाठी एकत्र आलं. अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून, हातातच कॅमेरा धरून मी जिन्याचा फोटो काढला. पायऱ्यांच्या कडा स्वच्छ आल्या. हे अजूनही मला जादूच वाटतं.

शटरचं काम मात्र सेन्सरला पुरतं जमलेलं नाही. बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो. प्रत्येक ओळीला सेकंदाचा आठ हजारावा भाग प्रकाश मिळत असला, तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात बराच वेळ जातो. फिरत्या पंख्याची पाती म्हणून केळीच्या पानांसारखी वाकतात. ही दिरंगाई घरी मोजता येते. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, तिथे साधे एलईडी दिवे बऱ्याचदा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एकदा. अशा दिव्याखाली पांढऱ्या भिंतीचा फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागाचं इलेक्ट्रॉनिक शटर ठेवून काढा. भिंतीवर आडवे काळे-उजळ पट्टे येतील. एक पूर्ण जोडी म्हणजे १० मिलिसेकंद. माझ्या फोटोत दोन जोड्या काही पुऱ्या बसल्या नाहीत, दीडच्या जरा पुढे. म्हणजे माझा सेन्सर वाचायला सुमारे १६ मिलिसेकंद घेतो, सेकंदाचा साठावा भाग. सगळ्या ओळी एकाच वेळी टिपणारा फुल फ्रेम सेन्सर सोनीने ए९ थ्री या कॅमेऱ्यात २०२३ साली आणला, पण माझ्या खिशातल्या कॅमेऱ्यापर्यंत ते पोचायला अवकाश आहे.

इतकी कामं करणाऱ्याला भूकही लागतेच. डीएसएलआरचा सेन्सर फोटो नसताना झोपलेला असायचा, आरसा आपला फुकट दृश्य दाखवायचा. इथे सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा सतत जागे आणि बॉडी लहान म्हणून बॅटरीही लहान. एका चार्जमध्ये तीनशेच्या घरात फोटो मिळतात. दुसरी बॅटरी खिशात ठेवायची सवय मी लावून घेतली आहे, मनापासून नाही.

राहिली धूळ. पाचव्या दिवशी जुन्या सवयीने एफ १६ लावून आकाशाचा फोटो काढला. या कॅमेऱ्यावर एफ १६ हा मूर्खपणाच. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूचा सुमारे २१ मायक्रॉनचा ठिपका होतो, म्हणजे सहा पिक्सेल रुंदीचा. त्या फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात एक करडा डाग होता. एफ २.८ वर तो गायब. धूळ सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या काचेवर बसते. छिद्र मोठं असलं की प्रकाश सगळ्या बाजूंनी येऊन तिची सावली पुसून टाकतो, बारीक असलं की सावली धारदार पडते. कॅमेरा सुरू होताना ती काच थरथरवून धूळ झटकतो, पण हा कण हट्टी निघाला. लेन्स काढली आणि हवेचा फुगा घेऊन वरचा उजवा कोपरा झोडपत बसलो. मग आठवलं, लेन्स प्रतिमा उलटी पाडते. फोटोत वर दिसणारी धूळ सेन्सरवर खाली असते. डावं-उजवंही उलटतं, पण आपण समोरून, लेन्सच्या बाजूने बघत असल्याने ते पुन्हा सुलटं होतं. म्हणजे खालचा उजवा कोपरा. तिथे दोन फुंकरींत काम झालं.