रुंद ट्विन-टिप स्की गुलमर्गच्या डोंगरावर कशी चालते : भाड्याने घेण्याआधी वाचा

आमच्या रॅककडे बघितलं की पहिली नजर या स्कीवरच जाते. दोन्ही टोकं वर वळलेली, बुटाखाली १०८ मिलिमीटर रुंद, वर रंगीबेरंगी चित्रं. पुण्या-मुंबईहून गुलमर्गला येणारे बरेच ग्राहक दारातूनच म्हणतात, "हीच द्या." आम्हालाही ती फार आवडते. पण डोंगराच्या कुठल्या भागात ती साथ देते आणि कुठे दमवते, हे ठाऊक असेल तरच तिचं भाडं वसूल होतं.

हिची घडण

साध्या स्कीचं पुढचं टोक वळलेलं असतं आणि मागचं जवळजवळ सपाट. ट्विन-टिपला मागेही वळण असतं, म्हणून उताराकडे पाठ करूनही घसरता येतं आणि उडीनंतर उलटं उतरता येतं. ही तऱ्हा आली उड्या मारणाऱ्या पोरांमुळे. कॅनडाचा माइक डग्लस आणि त्याचे साथीदार यांच्या आग्रहावरून सॅलोमन कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी 'टेनएटी' ही ट्विन-टिप स्की आणली. खोल बर्फासाठी टोकं उचललेली ठेवण्याची युक्ती शेन मॅकॉन्की याने लावून धरली, आणि २००२ च्या सुमारास व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' त्यातून निघाली. आमच्याकडच्या स्कीत हे दोन्ही गुण आहेत.

दुकानात स्की फरशीवर ठेवून बाजूने बघा. बुटाखाली थोडी कमान दिसेल. तिला कँबर म्हणतात. पुढचा भाग टोकाच्या बराच आधीपासून होडीच्या नाळेसारखा वर उचललेला असतो, मागचा त्याहून कमी. हा झाला रॉकर. बाइंडिंगही, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, मध्याच्या बरंच जवळ बसवलेलं असतं. त्यामुळे उभं राहण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, पण सगळा भार पुढे रेटायचा नाही. जुन्या शिकवणीने पुढे झुकलात, तर मऊ टोक दुमडतं आणि तोल जातो. दोन्ही पायांवर मध्यावर उभे राहा, स्की आपोआप वळेल.

वरून खाली येताना

गंडोलाचा (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. म्हणजे एका फेरीत उंचीचा १,३०० मीटरचा उतार, आणि त्यात बर्फाचे चार-पाच प्रकार. पश्चिमी झंझावात येऊन गेल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत वरचा बर्फ कोरडा आणि गुडघाभर असतो. ही स्की त्याच बर्फासाठी जन्माला आली आहे. अरुंद स्की तिथे बुडते, टोक खाली जातं, मांड्या पेटतात. ही तरंगते. टोक बर्फाच्या वर राहतं, वळायला फक्त घोटे आणि गुडघे फिरवावे लागतात. वेग हवा असेल तर तिला उताराच्या दिशेने सुटू द्या. वेग कमी करायचा तर दोन्ही स्की एकदम आडव्या फिरवा. वळलेली शेपूट अडकत नाही, बर्फ बाजूला सारत सरकते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस खाली पोचल्यावर थेट पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर सगळ्यांच्या वाटांनी कापलेला, गोळे झालेला बर्फ असतो. इथे स्कीचं वजन कमी असल्याचा तोटा कळतो. जड, ताठ स्की गोळे फोडत जाते, ही मात्र त्यांवरून इकडेतिकडे ढकलली जाते. यावर उपाय म्हणजे वेग थोडा कमी ठेवायचा आणि गोळ्यांवरून छोट्या उड्या घेत जायचं. ताकद लावून सरळ रेषा धरू नका.

कोंगडूरीच्या, म्हणजे गंडोलाच्या मधल्या स्थानकाच्या, खाली झाडी लागते. आमच्या मते या स्कीची खरी मजा इथेच आहे. दोन झाडांमध्ये अचानक दिशा बदलावी लागते, आणि ही जागच्या जागी फिरते. फक्त जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, त्यात माणूस उलटा अडकू शकतो.

मशीनने दाबून सपाट केलेल्या उतारावर ती बरी चालते, पण उत्तम नाही. रुंदीमुळे एका धारेवरून दुसऱ्या धारेवर यायला वेळ लागतो, आणि टोकं उचललेली असल्याने बर्फाला टेकणारी धार लांबीच्या मानाने कमी असते. मऊ सपाट बर्फावर मोठी वळणं छान जमतात. सकाळी लवकर, रात्रभर गोठलेल्या कडक बर्फावर मात्र ती थरथरते आणि सुटते. शिवाय धार बुटाच्या मध्यापासून दूर असल्यामुळे ती रोवून धरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आठवडाभर बर्फ न पडलेल्या दिवसांत ८५ ते ९० मिलिमीटरची स्की घ्या. मधल्या दिवशी बदलून न्यायची सोय आहे. मार्चमध्ये दुपारी बर्फ ओला आणि जड होतो, तेव्हा पुन्हा हीच बरी. आम्ही तेव्हा उबदार हवेचं मेण लावून देतो, नाहीतर तळ चिकटतो.

हिमस्खलनापासून रुंदी वाचवत नाही

हे आम्ही प्रत्येकाला तोंडीही सांगतो. स्की तरंगते म्हणून तीव्र, अनोळखी उतारावर जावंसं वाटतं. गंडोलाजवळचा मुख्य बोल (वाटीसारखा खोलगट उतार) स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाची, माणसं तपासतात आणि मोठ्या हिमवृष्टीनंतर स्फोट करून सैल बर्फ पाडतात. त्या हद्दीबाहेर ही काळजी कोणी घेत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवरच्या हिमस्खलनात पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच परिसरात रशियाचा एक स्कीअर दगावला. हद्दीबाहेर जायचं असेल तर स्थानिक गाइड, आणि प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं. यातलं काही नसेल तर त्या कामासाठी आम्ही स्की देत नाही, आणि यावर घासाघीस नाही. चढण चढायला स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायची, मागे घसरू न देणारी पट्टी) लावणार असाल तर आधी सांगा. साधा मागचा हूक वळलेल्या शेपटीवरून निसटतो, वेगळी क्लिप लागते.

कोणी घ्यावी, किती लांबीची

ज्यांनी अजून गावालगतच्या छोट्या उतारांवरच सराव केलाय, त्यांनी ही घेऊ नये. रुंद स्कीवर पहिली वळणं शिकणं फार कठीण जातं, आणि सुट्टीचे चार दिवस वैतागात जातात. समांतर वळणं घेत मध्यम उतार न थांबता उतरता येत असेल, तर खुशाल घ्या.

लांबी निवडताना घाबरून छोटी मागू नका. टोकं वर असल्यामुळे ही स्की कागदावरच्या मापापेक्षा आखूड वाटते. साधारण डोक्याइतकी, वजन जास्त असेल तर त्याहून थोडी लांब घ्या. आमच्याकडे १७२, १८० आणि १८८ सेंटीमीटर आहेत.

बुकिंग करताना वजन, उंची, वय, किती वर्षं स्कीइंग करताय आणि बुटाच्या तळव्यावर मिलिमीटरमध्ये छापलेलं माप कळवा. बाइंडिंग किती जोराला सुटावं हे यावरूनच ठरतं. वजन कमी सांगितलंत तर बाइंडिंग भलत्या वेळी सुटेल, आणि आपण फार पटाईत आहोत असं सांगितलंत तर पडल्यावर सुटणार नाही आणि पाय मुरगळेल. तळावरचे ओरखडे आम्ही भरून घेतो, त्याचे पैसे नाहीत. दगडावर आपटून लोखंडी धार उखडली तर मात्र दुरुस्तीचा खर्च अनामतीतून कापला जातो. डिसेंबरात बर्फाचा थर पातळ असतो आणि दगड अगदी वर असतात, त्या महिन्यात ही स्की नेताना तेवढं लक्षात ठेवा.