‘शॉशँक’ कुठला आणि ‘ग्रीन माइल’ कुठला?

“तो तुरुंगातला सिनेमा, निरपराध माणूस अडकतो तो” असं कुणी म्हटलं की एकाला ‘द शॉशँक रिडम्प्शन’ आठवतो, दुसऱ्याला ‘द ग्रीन माइल’. गोंधळ होणारच. दोन्ही दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटचे, दोन्ही स्टीफन किंगच्या लेखनावर बेतलेले, दोन्हींना संगीत थॉमस न्यूमनचं. विल्यम सॅडलर हा नटसुद्धा दोन्हींत आहे: १९९४च्या ‘शॉशँक’मध्ये कैदी, १९९९च्या ‘ग्रीन माइल’मध्ये मारल्या गेलेल्या मुलींचा बाप. (शेवट माहीत नको असेल तर इथेच थांबा.)

तुरुंग फोडून पळतो तो ‘शॉशँक’मधला अँडी. बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनासाठी या बँकरला दोन जन्मठेपा झाल्यात. मेन राज्यातल्या तुरुंगात तो एकोणीस वर्षं भिंत पोखरतो. हत्यार काय, तर वीतभर हातोडी, बायबलची पानं कोरून त्यात लपवलेली. भोकावर पोस्टर: आधी रीटा हेवर्थ, मग मेरिलिन मनरो, शेवटी रॅकेल वेल्च. किती वर्षं सरली ते या नट्यांवरूनच कळतं. मग एका वादळी रात्री वीज कडाडली की त्याच आवाजात दगडाचा घाव घालत तो मैलापाण्याचा पाइप फोडतो आणि पाचशे यार्ड घाणीतून सरपटत बाहेर पडतो.

‘ग्रीन माइल’ घडतो १९३५ मध्ये, लुइझियानात, मृत्युदंडाच्या कैद्यांच्या बराकीत. जॉन कॉफी या धिप्पाड काळ्या माणसाला दोन गोऱ्या मुलींच्या खुनासाठी शिक्षा झालीय, आणि त्याच्या स्पर्शाने आजार बरे होतात. असले चमत्कार ‘शॉशँक’मध्ये शोधू नका.

माझ्या मते खरा फरक गोष्ट कोण सांगतो यात आहे. ‘शॉशँक’ सांगतो रेड, स्वतः खून केलेला कैदी. तिथे अँडीला सोडवू शकेल असा साक्षीदार मिळतो, तर तुरुंगाचा प्रमुख, म्हणजे वॉर्डन, त्या साक्षीदारालाच गोळ्या घालून मारवतो, कारण वॉर्डनचा काळा पैसा अँडी सांभाळत असतो. ‘ग्रीन माइल’ सांगतो पॉल, बराकीचा मुख्य पहारेकरी. त्याला सत्य कळतं, कॉफीला पळून जाऊ द्यायचीही त्याची तयारी असते. कॉफीच नको म्हणतो. जगातल्या दुःखाने तो पार थकलेला असतो. विजेच्या खुर्चीचा खटका ओढायचा हुकूम मग पॉललाच द्यावा लागतो. हा प्रसंग मला ‘शॉशँक’मधल्या कुठल्याही मारहाणीपेक्षा जास्त असह्य होतो.