चॅसी ब्रेसिंग

मोटारगाडीच्या सांगाड्याला जादा दांड्या, नळ्या किंवा पट्ट्या बोल्टने अथवा वेल्डिंगने जोडून तिचा ताठरपणा वाढवण्याची पद्धत. पुढच्या दोन सस्पेन्शन टॉवरना, म्हणजे सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते त्या बॉडीच्या उंचवट्यांना, जोडणारा स्ट्रट बार हा तिचा सर्वांत परिचित प्रकार. गाडीच्या पोटाखालून सबफ्रेमला (बॉडीखालच्या आधाराच्या चौकटीला) आधार देणारे ब्रेस, मागच्या टॉवरमधला बार आणि शर्यतीच्या गाडीतला रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, हेही त्याच कुळातले. स्पोर्ट्स गाडी यामुळे वळणावर अधिक नेमकी वागते, असा दावा नेहमी केला जातो. काही गाड्यांबाबत तो पूर्ण खरा आहे. आजच्या बंद छताच्या बहुतेक गाड्यांबाबत मात्र फरक इतका किरकोळ असतो, की तो स्टॉपवॉचवर दिसत नाही.

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. या भारबदलाचा किती वाटा पुढच्या टायरांवर आणि किती मागच्या टायरांवर पडेल, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारे दांडे) ठरवतात. गाडी पुढून सरकणार की मागून, हे बव्हंशी त्या वाटणीवर अवलंबून असते. मागचा अँटी-रोल बार जाड केला की त्याचा परिणाम बॉडीच्या मार्फत पुढच्या टायरांपर्यंत पोहोचतो. मधली बॉडीच पिळली, तर केलेल्या बदलातला काही भाग त्या पिळात जिरतो. शिवाय सस्पेन्शन जिथे बसवलेले असते ती जागा हलली, तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक समोरून किती आत-बाहेर वळलेले आहे) हे चाकांचे कोन आखल्याप्रमाणे राहत नाहीत.

बॉडी पिळाला किती विरोध करते, ते न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात सांगतात. आजच्या बंद गाड्यांमध्ये हा आकडा साधारण २० ते ४० हजारांच्या दरम्यान आढळतो. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या लोटस एलिसची ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली चॅसी केवळ ६८ किलोची होती आणि तिचा ताठरपणा सुमारे १० हजार होता. म्हणजे आजची अनेक कौटुंबिक वाहने तिच्यापेक्षा कितीतरी ताठर आहेत. तरीही हाताळणीचा आदर्श म्हणून नाव घेतात ते एलिसचे. हलक्या गाडीला मुळात कमी ताठरपणा पुरतो. ताठरपणाचा आकडा एकटा पाहून हाताळणीबद्दल काहीच ठरवता येत नाही, हे यातून लक्षात यावे.

पुढचे सस्पेन्शन, बॉडी आणि मागचे सस्पेन्शन या पिळाच्या दृष्टीने एकापुढे एक जोडलेल्या तीन स्प्रिंगा आहेत, आणि अशा साखळीत सर्वांत मऊ कडीचेच चालते. उदाहरणादाखल रस्त्यावरच्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचा रोलला, म्हणजे गाडी बाजूला कलण्याला, होणारा विरोध ८०० आणि मागचा ६०० न्यूटन-मीटर प्रति अंश धरू. बॉडीचा ताठरपणा ८,००० वरून थेट दुप्पट, १६,००० केला, तरी पूर्ण साखळीचा ताठरपणा जेमतेम २ टक्क्यांनी वाढतो. बॉडी आधीच २०,००० ची असेल आणि ब्रेसमुळे ती २२,००० झाली, तर वाढ सुमारे ०.१५ टक्के. टायरमधल्या हवेच्या दाबात थोडा फरक पडला, तरी गाडी याहून जास्त बदलते. आता शर्यतीची गाडी घ्या. तिच्या कडक स्प्रिंगांमुळे हेच आकडे ४,००० आणि ३,००० होतात असे मानू. तिथे बॉडी ८,००० वरून १६,००० केल्यास साखळी जवळजवळ १० टक्क्यांनी ताठरते. सस्पेन्शन जितके कडक आणि टायर जितके चिकट, तितकी बॉडीच्या ताठरपणाची गरज मोठी. १९६२ मध्ये लोटस २५ या फॉर्म्युला वन गाडीने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी मोनोकॉक, म्हणजे भार पेलणारे एकसंध कवच, आणला आणि १९८१ मध्ये मॅक्लारेनने कार्बन फायबरचा आणला, त्यामागे वजनाइतकीच हीही निकड होती.

स्ट्रट बार संपूर्ण बॉडीचा पीळ फारसा कमी करत नाही. त्याचे काम स्थानिक आहे. मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीत, म्हणजे स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बरची जोडीच चाकाला वरून धरते त्या रचनेत, टायरवरचे आडवे बल बरेचसे खालचा आर्म घेतो, पण चाक कलू नये म्हणून वरच्या टोकालाही आडवा जोर सोसावा लागतो आणि तो टॉवरच्या पत्र्यावर येतो. इथे एक बारकावा सहसा नजरेआड होतो. वळणावर दोन्ही टॉवरना एकाच दिशेने, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, ढकलले जाते. केवळ दोन टोके जोडणारा बार त्यांच्यातले अंतर कायम ठेवतो. दोघे मिळून एका बाजूला झुकत असतील, तर तो त्यांच्याबरोबर झुकतो. म्हणून टॉवरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीपर्यंत) जाणारा त्रिकोणी आधार साध्या आडव्या बारपेक्षा सरस ठरतो. टोयोटा ८६ ला कारखान्यातूनच असे आधार मिळाले. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर फिरणारा बार तर वाकण्याला विरोधच करत नाही. एकसंध, रुंद बैठकीचा बार त्याहून बरा. चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये टॉवरवर मुख्यतः स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा उभा भार येतो, त्यामुळे तिथे स्ट्रट बारला करण्यासारखे फार थोडे उरते.

मग इतक्या चालकांना फरक जाणवतो तो खोटा का? मुळीच नाही. पोलादी बॉडी स्वतःची कंपने फार सावकाश शमवते. ब्रेसमुळे ती कंपने बदलतात, स्टिअरिंगमधून हाताला पोहोचणारी थरथर कमी होते, डॅशबोर्डची कुरकुर थांबते आणि गाडी एकजीव वाटू लागते. यामाहाच्या परफॉर्मन्स डॅम्परमध्ये याच कारणासाठी घट्ट दांडीऐवजी तेलाचा डॅम्पर असतो, आणि बॉडीच्या मिलिमीटरहूनही कमी हालचालीवर तो काम करतो. विश्वास देणारी गाडी चालक अधिक निर्धाराने चालवतो, आणि ही जाणीव मोलाची आहे. पण तिला पकड वाढणे म्हणू नये. टायर तेच असतात.

ब्रेसिंगचा खरा लाभ दिसतो तो मुळात कमकुवत बॉडीत. छत काढलेल्या गाडीत पिळाला अडवणारा मोठा भागच नाहीसा होतो, म्हणून उघड्या गाड्यांना पोटाखाली ब्रेस दिलेले असतात. १९७९ ते १९९३ या काळातल्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढच्या आणि मागच्या सबफ्रेममध्ये सलग दुवा नव्हता. तिथे वेल्ड केलेले सबफ्रेम कनेक्टर हा अजूनही सर्वांत शहाणपणाचा पहिला खर्च आहे. स्पॉट वेल्ड सैलावलेल्या जुन्या गाड्या आणि खाचा नसलेल्या स्लिक टायरवर धावणाऱ्या गाड्याही याच गटात येतात. रोल केज नीट त्रिकोणी आखून टॉवरपर्यंत नेला, तर कोणत्याही बोल्टच्या बारपेक्षा तो खूप अधिक करतो. काही कारखाने हे काम बॉडी घडवतानाच करतात. १९९५ च्या होंडा इंटेग्रा टाइप आरमध्ये काही ठिकाणी जाड पत्रा, जादा वेल्ड आणि स्ट्रट बार होता. बीएमडब्ल्यूच्या २०१४ च्या एम३ मधला कार्बन फायबरचा ब्रेस अवघ्या दीड किलोचा आहे.

ब्रेसचे तोटेही आहेत. खालचे ब्रेस जमिनीपासूनची उंची खातात, वरचे इंजिनच्या दुरुस्तीत आड येतात. एक जागा ताठर केली की ताण शेजारच्या पत्र्यावर सरकतो आणि पातळ पत्रा बोल्टभोवती तडकू शकतो. अपघातात दबण्यासाठी आखलेल्या भागाला ताठर करणे तर धोक्याचेच. आणि अधिक ताठर म्हणजे नेहमीच चांगले, असेही नाही. रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसते, मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. वळणावर तिची चौकट मुद्दाम पिळते, त्यामुळे मागचे आतले चाक उचलले जाते आणि कार्ट वळू शकते. कार्टची सेटिंग करणारे म्हणूनच गरजेप्रमाणे चौकटीचा पीळ कमी-जास्त करणारे टॉर्शन बार काढतात किंवा घालतात.

आपल्या गाडीला स्ट्रट बार हवा की नको, हे विकत घेण्याआधी तपासता येते. एका टॉवरला हलकी दांडी पक्की करायची आणि तिचे दुसरे टोक दुसऱ्या टॉवरवरच्या कड्यात मोकळे सरकू द्यायचे. कड्याच्या दोन्ही बाजूंना दांडीवर घट्ट रबरी रिंग बसवायची. बंद ट्रॅकवर जोरात वळणे घेऊन परत आल्यावर रिंगा किती ढकलल्या गेल्या ते मोजायचे. टॉवरमधले अंतर किती बदलते, ते त्यावरून कळते. दोघे मिळून किती झुकतात, ते पाहण्यासाठी दांडीचे एक टोक टॉवरऐवजी फायरवॉलला बांधून हीच चाचणी पुन्हा करावी लागते. रिंगा जागच्या हलल्याच नसतील, तर त्या ठिकाणी बारला रोखण्यासारखी हालचालच नाही. बार बसवून फेऱ्यांची वेळ पाहायची असल्यास तो लावून, काढून आणि पुन्हा लावून, त्याच तापमानाच्या टायरवर, आणि शक्य तर चालकाला न सांगता पाहावी.